‘बालसुरक्षा पॅकेज’: सांगलीतील एका पडताळणी एजन्सीच्या सेवेचे परीक्षण

विश्रामबाग परिसरातील आमच्या गृहनिर्माण सोसायटीने भाडेकरू, सुरक्षारक्षक, व्हॅनचालक आणि तळमजल्यावरील बालवाडीचे कर्मचारी यांच्या पार्श्वभूमीची पडताळणी करण्याचे काम वर्षभराच्या कराराने एका स्थानिक खासगी एजन्सीकडे सोपवले होते. सोसायटीची सचिव या नात्याने सर्व अहवाल माझ्या नजरेखालून गेले आणि एजन्सीशी झालेला पत्रव्यवहारही माझ्याकडेच आहे. एजन्सीचे नाव येथे देत नाही, कारण जवळजवळ त्याच मजकुराचे माहितीपत्रक मिरजेतील एका शाळेकडे वेगळ्या नावाने आलेले मी पाहिले आहे आणि प्रश्न एका दुकानापुरता उरलेला नाही.

एजन्सीची सेवा दोन प्रकारांत मिळते. साध्या पॅकेजमध्ये ओळखपत्र, राहत्या आणि मूळ गावच्या पत्त्याला प्रत्यक्ष भेट, आधीच्या मालकाकडे चौकशी आणि न्यायालयीन नोंदींचा शोध एवढ्या गोष्टी येतात. त्याचा दर माणशी ५५० रुपये आहे. बालसुरक्षा पॅकेजचा दर माणशी १,६०० रुपये असून त्यात वरील सर्व कामांबरोबर ‘राष्ट्रीय लैंगिक गुन्हेगार नोंदवहीतून तपासणी’ आणि सोसायटीसाठी तयार ‘परिसर निर्बंध ठराव’ अशा दोन गोष्टी मिळतात, असे माहितीपत्रक सांगते. जीएसटी दोन्हींवर वेगळा लागतो. ज्यांना पुढचे वाचायला सवड नसेल, त्यांच्यासाठी निष्कर्ष आधीच सांगते: साधे पॅकेज घेण्याजोगे आहे, बालसुरक्षा पॅकेजच्या नावाखाली जे अधिकचे पैसे घेतले जातात, त्यांच्या बदल्यात मिळणारी एक गोष्ट अशक्य आहे आणि दुसरी बेकायदेशीर ठरण्याची शक्यता आहे.

आम्ही महागडे पॅकेज का घेतले, हे उघड आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकार समोर आल्यानंतर राज्यभरातील पालकांची झोप उडाली. २१ ऑगस्ट २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून शाळांना सीसीटीव्ही बसवण्यास, तक्रारपेटी ठेवण्यास आणि कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्यास सांगितले. त्यानंतरच्या आमच्या सर्वसाधारण सभेत बालवाडीत मूल असलेल्या प्रत्येक सभासदाने हाच विषय काढला, आणि एजन्सीचे माहितीपत्रक त्याच दरम्यान हातात पडले.

आधी जे चांगले आहे ते. एजन्सीचे प्रत्यक्ष भेटीचे काम उत्तम आहे, हे निःसंकोच लिहावे लागेल. आमचा रात्रपाळीचा सुरक्षारक्षक जत तालुक्यातील आहे. त्याच्या आधारकार्डावरील पत्त्यावर तो गेल्या काही वर्षांत सलग राहिलेलाच नव्हता, त्यामुळे केवळ संगणकावर बसून पडताळणी करणाऱ्या कोणत्याही कंपनीने ‘पत्ता पडताळता आला नाही’ असा शेरा मारून फाइल बंद केली असती. या एजन्सीचा मुलगा दुचाकीवरून गावात गेला, पोलीस पाटलांना भेटला, शेजारच्या दोन घरी चौकशी केली, आणि अहवालात स्पष्ट नोंद आली की हा माणूस ऊसतोडीच्या टोळीबरोबर दिवाळीनंतर घर सोडत असे आणि हंगाम संपल्यावर परतत असे. टोळीच्या मुकादमाशी फोनवर बोलणे झाले असून त्याने कोणत्या हंगामात कोणत्या कारखान्याच्या हद्दीत काम केले हे सांगितले आहे. अहवालाला घराच्या दाराचे छायाचित्र आणि पोलीस पाटलांचा सहीचा अभिप्राय जोडलेला होता. माणूस मधल्या काळात कुठे होता याचे असे जुळते उत्तर मिळणे, हीच खऱ्या पडताळणीची कसोटी असते. बालवाडीतील मदतनीस मावशींच्या बाबतीतही आधीच्या तीन घरी जाऊन चौकशी झाली आणि ती सन्मानाने झाली, हे मावशींनी स्वतः मला सांगितले.

न्यायालयीन नोंदींचा शोध मात्र कच्चा आहे. जिल्हा न्यायालयांतील खटले ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने कोणालाही मोफत शोधता येतात. एजन्सी तेच करते. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते निकाल वाचण्याच्या पद्धतीत. आमच्या व्हॅनचालकाच्या अहवालावर ‘संशयास्पद: न्यायालयीन नोंद आढळली’ असा लाल शिक्का होता. अहवाल उघडून पाहिला, तर विटा येथील न्यायालयातील एका खटल्याचा क्रमांक दिलेला होता. तो खटला धनादेश न वटल्याचा, म्हणजे पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालचा होता, आणि त्यातील आरोपीचे वडिलांचे नाव आमच्या चालकाच्या वडिलांच्या नावाशी जुळत नव्हते. पाटील आणि जाधव ही आडनावे ज्या जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत, तेथे केवळ नाव आणि आडनाव जुळले म्हणून मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या एखाद्या माणसाच्या अहवालावर लाल शिक्का मारणे हा निव्वळ हलगर्जीपणा आहे. तक्रार केल्यावर शिक्का काढून सुधारित अहवाल आला, पण तोपर्यंत पहिला अहवाल दोन-तीन सभासदांनी पाहिला होता आणि चालकाला ‘तुमचं काय प्रकरण आहे?’ असे विचारून झाले होते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे नोंदवहीचा. भारतात अशी नोंदवही आहे, यात शंका नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांभाळतो. बलात्कार, सामूहिक बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची नावे, पत्ते, छायाचित्रे आणि बोटांचे ठसे तीत असतात, आणि सुरुवातीलाच तिच्यात चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. परंतु ही सूची केवळ कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणांसाठी आहे. तपास करणारा पोलीस अधिकारी ती पाहू शकतो. मी पाहू शकत नाही, सोसायटीचे अध्यक्ष पाहू शकत नाहीत आणि कोणतीही खासगी एजन्सीही पाहू शकत नाही. अमेरिकेत अशी नोंद सर्वांसाठी खुली असते, नकाशावर घराघराच्या ठिकाणी ठिपके दिसतात, आणि आमच्या एका सभासदांच्या कन्येने तेथून पाठवलेले तसे चित्र सभेत फिरलेही होते. आपल्याकडे सूची तयार करतानाच ती जनतेसाठी खुली ठेवायची नाही असे ठरवण्यात आले.

मग एजन्सी ‘नोंदवहीतून तपासणी’ म्हणजे नेमके काय करते? मी हा प्रश्न लेखी विचारला. पहिले उत्तर ‘आमच्या अधिकृत भागीदारामार्फत’ असे आले. भागीदाराचे नाव आणि त्याला असलेल्या परवानगीची प्रत मागितल्यावर दुसरे उत्तर आले की ही तपासणी ‘विविध सार्वजनिक स्रोतांतून संकलित माहितीच्या आधारे’ केली जाते. सार्वजनिक स्रोत म्हणजे वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि बातम्यांची संकेतस्थळे. बातमी अटकेच्या दिवशी छापून येते. चार-पाच वर्षांनी आरोपी निर्दोष सुटला, तर ती बातमी बहुधा येत नाही, आणि आली तरी आतल्या पानावर चार ओळींत. पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचे खटले बंद दाराआड चालतात आणि बालकाची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे, त्यामुळे ज्या प्रकरणांची आपल्याला सर्वाधिक धास्ती असते, त्यांचे कागद बाहेरच्या माणसाच्या हाती लागणे मुळातच अवघड असते. कात्रणांच्या गठ्ठ्यावर ‘राष्ट्रीय नोंदवही’ असे लेबल चिकटवून ते माणशी हजार रुपये जास्त घेऊन विकणे याला फसवणूक म्हणावे की अतिशयोक्ती, हे ग्राहकाने ठरवावे. माझे मत पहिल्या शब्दाकडे झुकते.

यात आणखी एक धोका आहे, आणि तो पैशांपेक्षा मोठा आहे. आमच्या सर्व अहवालांच्या शेवटच्या पानावर ‘लैंगिक गुन्हेगार तपासणी: निरंक’ असा हिरवा चौकोन होता. हा चौकोन पाहून बालवाडीच्या व्यवस्थापनाने पोलीस पडताळणीचे अर्ज करायचे बाजूला ठेवले होते. वास्तविक पोक्सो नियम, २०२० प्रमाणे मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो शिकवणारा असो वा झाडलोट करणारा, कायम असो वा कंत्राटी, पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी ठरावीक काळाने करून घेणे बंधनकारक आहे. त्यात शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी असे सगळेच येते. खासगी एजन्सीचा कागद पोलिसांच्या पडताळणीची जागा घेऊ शकत नाही. चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, भाडेकरूची माहिती भरण्याची सोयही महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर आहे, आणि ज्या नोंदी एजन्सीला दिसत नाहीत त्या पाहण्याचा अधिकार तेथील माणसाला आहे. एजन्सीने हे ग्राहकाला स्वतःहून सांगायला हवे होते. माहितीपत्रकात ‘पोलीस’ हा शब्द एकदाही आलेला नाही.

यापुढे येतो तो ठराव, आणि या सगळ्या व्यवहारातील सर्वांत मनोरंजक कागद तोच आहे.

‘परिसर निर्बंध ठराव’ या मसुद्यात सात कलमे होती. पहिल्या कलमानुसार लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेली कोणतीही व्यक्ती सोसायटीत, किंवा सोसायटीतील बालवाडीपासून एक हजार फुटांच्या आत, मालक, भाडेकरू वा पाहुणा म्हणून राहू शकणार नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमांत अशा व्यक्तीने बागेत, क्रीडांगणावर अथवा मुले जमतात अशा ठिकाणी रेंगाळू नये, मुलांना खाऊ देऊ नये, त्यांच्या वाहनाजवळ थांबू नये असे होते. पाचव्या कलमात मात्र वाचणारे सगळेच अडखळले. त्यात म्हटले होते की अशा व्यक्तीने ३१ ऑक्टोबर रोजी सायंकाळी पाच वाजल्यानंतर घराबाहेरचे दिवे बंद ठेवावेत आणि घराबाहेर पडू नये. ३१ ऑक्टोबरलाच का, यावर कार्यकारिणीच्या बैठकीत बराच खल झाला. आमच्या खजिनदारांनी ती सरदार पटेलांची जयंती असल्याचे निदर्शनास आणले आणि राष्ट्रीय एकता दिनाचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न उपस्थित केला. संबंध अर्थातच हॅलोविनशी आहे. अमेरिकेतील मिझुरी राज्यात त्या दिवशी मुले घरोघर गोळ्या-चॉकलेट मागत फिरतात, म्हणून नोंदणीकृत गुन्हेगारांनी संध्याकाळी घरातच राहावे आणि बाहेरचे दिवे मालवावेत, असा कायदा २००८ मध्ये झाला. एजन्सीने कुठल्या तरी अमेरिकन गावाचा नियम उचलून, मराठीत उतरवून, तारीखसुद्धा न काढता आम्हाला विकला होता.

हसून विषय सोडून देता आला असता, पण हजार फुटांचे कलम सभासदांना मनापासून आवडले होते, म्हणून त्याची छाननी आवश्यक ठरली. हजार फूट म्हणजे साधारण तीनशे मीटर. आमच्या एका सभासदांनी, जे अभियंता आहेत, विश्रामबागच्या नकाशावर माहीत असलेल्या प्रत्येक शाळेभोवती, बालवाडीभोवती आणि शिकवणीवर्गाभोवती कंपासने तेवढी वर्तुळे काढून आणली. शंभर फुटी रस्त्यापासून सांगली-मिरज रस्त्यापर्यंत वर्तुळे एकमेकांत गुंतली आणि मोकळी जागा नावापुरती उरली. ज्या अमेरिकेतून ही कल्पना आली, तेथेही नेमके हेच घडले. आयोवा राज्याने २००२ मध्ये शाळा आणि पाळणाघरांपासून दोन हजार फुटांची मर्यादा घातली. न्यायालयीन वाद संपून २००५ पासून ती कडकपणे लागू झाल्यावर ज्यांचा ठावठिकाणा पोलिसांना ठाऊक नाही अशा गुन्हेगारांची संख्या वाढली, आणि २००६ मध्ये तेथील सरकारी वकिलांच्या संघटनेनेच या नियमाविरुद्ध भूमिका घेतली. २००९ मध्ये तो बऱ्याच अंशी सैल करण्यात आला. मायामीत अडीच हजार फुटांच्या स्थानिक नियमामुळे सुटून आलेले अनेक जण एका पुलाखाली तंबू ठोकून राहू लागले, आणि ती वस्ती २०१० पर्यंत तेथे होती. मिनेसोटाच्या कारागृह विभागाने २००७ मध्ये पुन्हा लैंगिक गुन्हा केलेल्या २२४ जणांची प्रकरणे एकेक करून तपासली आणि राहण्याच्या अंतराच्या नियमाने यांतील एकही गुन्हा टळला असता असे दिसत नाही, असा निष्कर्ष काढला.

सांगलीत तर त्याहून साधा प्रश्न आहे: असा नियम करण्याचा अधिकार सोसायटीला आहे का? आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, सभासदाला आपली सदनिका भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. त्याने आगाऊ कळवावे आणि नोंदणीकृत करारनाम्याची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सोसायटीला द्यावी, एवढीच अपेक्षा असते. करारनामा लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे. सोसायटीच्या कुंपणापलीकडे, तीनशे मीटर अंतरावरच्या परक्याच्या घरात कोण राहतो, यावर ठराव करणे म्हणजे कृष्णेला पूर येऊ नये असा ठराव करण्यासारखे आहे.

एखाद्याला परिसरातून दूर ठेवण्याची व्यवस्था आपल्या कायद्यात नाही असे मुळीच नाही, आणि हा भाग एजन्सीच्या माहितीपत्रकात असायला हवा होता. सांगलीकरांना तडीपारी परिचित आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ५५, ५६ आणि ५७ खाली ती होते, आणि यांतील कलम ५७ हे विशिष्ट प्रकारच्या गुन्ह्यांत आधी शिक्षा झालेल्यांसाठीच आहे. शरीराविरुद्धचे गुन्हे त्यात येतात. मात्र तो आदेश प्रांताधिकारी किंवा अधिकार असलेला पोलीस अधिकारी देतो, त्याआधी संबंधिताला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते, आदेश दोन वर्षांपेक्षा अधिक काळाचा असू शकत नाही आणि त्याविरुद्ध राज्य सरकारकडे अपील करता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सांगितले आहे की तडीपारी हा असाधारण उपाय आहे आणि तो जपूनच वापरला पाहिजे, कारण त्यामुळे माणसाच्या संचारस्वातंत्र्यावर गदा येते. जेथे प्रांताधिकाऱ्यांना एवढी बंधने पाळावी लागतात, तेथे सात जणांच्या कार्यकारिणीने हात वर करून कोणाला हद्दपार करावे, हे संभवत नाही.

त्याखेरीज दोन मार्ग आहेत, ज्यांची चर्चा क्वचितच होते. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आधी दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर शिक्षा देतानाच न्यायालय असा आदेश देऊ शकते की सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत त्याने आपला पत्ता, पत्त्यातील बदल आणि घरापासूनची अनुपस्थिती कळवत राहावे. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. दुसरा मार्ग जामिनाच्या अटींचा. खटला चालू असताना पीडितेच्या गावात जाऊ नये, तिच्याशी वा साक्षीदारांशी संपर्क साधू नये, ठरावीक दिवशी ठाण्यात हजेरी द्यावी, अशा अटी न्यायालये नेहमी घालतात. अशी अट मोडताना कोणी दिसला तर पोलीस ठाण्यात लेखी कळवणे, हे सोसायटीच्या हातातील खरे काम आहे. आपण ठरवलेल्या अंतरापेक्षा न्यायाधीशांनी त्या एका माणसासाठी ठरवलेली अट कितीतरी नेमकी असते.

आणि अंतराच्या नियमातील मूळ दोष असा की तो अनोळखी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की पोक्सोच्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात: नातेवाईक, शेजारी, घरी येणारे-जाणारे, शिकवणारे. त्यांतील बहुतेकांच्या नावावर आधीची शिक्षा नसते, म्हणजे ते कोणत्याच नोंदवहीत नसतात. मसुद्यातील सहाव्या कलमात एकच वाक्य उपयोगाचे होते, ते म्हणजे मुलांच्या खोलीचे दार बंद करून कोणत्याही प्रौढ व्यक्तीने एकट्या मुलासोबत थांबू नये. यात ‘शिक्षा झालेल्या’ हे शब्द नव्हते, बहुधा नजरचुकीने गळले असावेत. आम्ही तेवढे वाक्य ठेवले. ते बालवाडीच्या बाईंपासून वर्षातून एकदा येणाऱ्या रंगाऱ्यापर्यंत सर्वांना लागू केले, दाराला काचेची पट्टी बसवली, आणि व्हॅनमध्ये महिला परिचर असल्याशिवाय व्हॅन फाटकातून सुटणार नाही असे सुरक्षारक्षकाला सांगितले. मुली प्रवास करत असलेल्या शालेय बसमध्ये महिला परिचर असावी, असे राज्याचे २०११ चे शालेय बस नियम मुळातच सांगतात. चाइल्डलाइनचा १०९८ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावले आहेत. या सगळ्याचा खर्च एका माणसाच्या बालसुरक्षा पॅकेजच्या दराहून थोडा अधिक आला, तोही काचेमुळे.

ठरावाच्या चर्चेत एका ज्येष्ठ सभासदांनी आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची आठवण करून दिली. औंध संस्थानच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेली ती खुल्या कैद्यांची वसाहत आपल्याच जिल्ह्यात आहे. भिंत नसलेल्या त्या वसाहतीत कैदी कुटुंबासह राहून शेती करत आले. लैंगिक गुन्ह्यांची तुलना तिच्याशी सरसकट करता येणार नाही, हे त्यांनीच सांगितले, आणि मलाही तसे वाटते. पण शिक्षा भोगून आलेला माणूस कोठे तरी राहणारच, आणि तो कोणाच्या नजरेसमोर राहिला तर अधिक बरे, हा त्यांचा मुद्दा बैठकीत कोणी खोडून काढू शकले नाही. ठराव मतास टाकलाच नाही.

एजन्सीविषयी एक गंभीर तक्रार नोंदवणे भाग आहे. सुरुवातीचे सर्व अहवाल तिने व्हॉट्सॲपवर पाठवले, त्यांत प्रत्येकाचा आधार क्रमांक पूर्ण बारा अंकांसह उघडा होता, आणि कर्मचाऱ्यांकडून घेतलेल्या संमतीपत्रात अहवाल कोणाकोणाला दाखवला जाईल हे लिहिलेले नव्हते. आमच्याच एका सभासदाने त्यांतील एक अहवाल सोसायटीच्या सार्वजनिक गटावर पुढे ढकलला. वर सांगितलेला लाल शिक्का त्याच गटात पोहोचला असता, तर व्हॅनचालकाची अब्रू गेली असती आणि बदनामीचा खटला सोसायटीवर आला असता. व्यवसायच ज्यांचा माणसांच्या खासगी माहितीचा आहे, त्यांनी माहिती इतक्या निष्काळजीपणे हाताळावी हे अक्षम्य आहे. विधिसंघर्षग्रस्त बालक (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेले अठरा वर्षांखालील मूल) असताना घडलेल्या जुन्या प्रकरणाविषयी एका भाडेकरूला विचारणा करण्याचा प्रयत्नही एजन्सीच्या एका कर्मचाऱ्याने केला होता. बाल न्याय अधिनियमानुसार अशा प्रकरणातील दोषसिद्धीमुळे सहसा पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, हे त्याला माहीत नव्हते.

तक्रारीला प्रतिसाद कसा मिळाला, हेही सांगितले पाहिजे. एजन्सीचे मालक स्वतः कार्यालयात आले, उद्धटपणा केला नाही, आणि ‘ताई, माहितीपत्रक पुण्याच्या एका कंपनीकडून तयार आलं होतं, आम्ही तसंच छापलं,’ असे सरळ सांगितले. बालसुरक्षा पॅकेजच्या आणि साध्या पॅकेजच्या दरांतील फरक त्यांनी पुढच्या बिलात वळता करून दिला. माहितीपत्रकातील नोंदवहीचे वाक्य मात्र हा मजकूर लिहीपर्यंत बदललेले नाही, आणि म्हणूनच हे परीक्षण लिहिले आहे.

पुढील वर्षासाठी आम्ही साध्या पॅकेजचाच विचार करत आहोत. आमच्या अटी अशा: पोलीस चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज झाल्याची पावती असल्याशिवाय एजन्सीने अंतिम अहवाल देऊ नये, न्यायालयीन नोंद वडिलांच्या नावासह आणि खटल्याच्या प्रकारासह जुळल्याखेरीज कोणताही शिक्का मारू नये, अहवाल बंद पाकिटात केवळ सचिव आणि संबंधित कर्मचारी या दोघांनाच द्यावा, आणि ‘निरंक’चा हिरवा चौकोन काढून त्याजागी नेमके काय तपासले आणि काय तपासता येत नाही, हे चार ओळींत लिहावे. एजन्सीने पहिल्या तीन अटी मान्य केल्या आहेत. चौथीमुळे आपला धंदा बुडेल असे तिचे म्हणणे असून, दर माणशी ६५० रुपये करून मिळाल्यास त्यावरही बोलता येईल असे कळवले आहे. कार्यकारिणीचा निर्णय अद्याप व्हायचा आहे.